मोतीला कोणत्या गाडीतून न्यावे?



मे महिन्यातली दुपार होती. सेलूतली मेमधली दुपार कशी असते, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. पारा चाळिशीच्या पुढे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा वेळी आमच्या गल्लीतला, नुकताच नववी पास झालेला एक मुलगा धावत माझ्याकडे आला. त्याच्या मोतीच्या मागच्या पायावरून मोटारसायकल गेली होती. इथल्या पशुवैद्यांनी पायाला फळी बांधून दिली, इंजेक्शन दिले आणि सांगितले, "हाड मोडलेले दिसते. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन एक्स-रे काढून घ्या. आज जमले नाही तर उद्या सकाळी न्या, पण न्या."

सेलूहून परभणी सुमारे ४५ किलोमीटर. प्रश्न होता तो गाडीचा.

"सर, मामाची मोटार मिळते आहे," मुलगा म्हणाला. "शेजारचे काका त्यांचा छोटा हत्तीही देतो म्हणतात, पण तो मालाचा टेम्पो. त्याला ना गादी, ना काचा. मोटारच बरी ना?"

"मोटारीतला एसी चालतो का?"

"नाही सर, बिघडलाय. पण मामा म्हणतात, काचा चार बोटं खाली ठेवू."

ते 'चार बोटं' शब्द ऐकले आणि मला माझी स्वतःची एक चूक आठवली. ती तुम्हाला आधी सांगतो.

मी तेव्हा नुकताच प्राध्यापक झालो होतो. वर्गात 'उष्णतेचे संक्रमण' हा पाठ मोठ्या उत्साहाने शिकवत असे. एप्रिलमध्ये एका लग्नाला जाताना आमचा कुत्रा राजा बरोबर होता. गाडी कडुलिंबाच्या सावलीत उभी केली, काचा चार बोटे खाली ठेवल्या आणि पाच मिनिटांत येतो म्हणून मांडवात गेलो. लग्नातली पाच मिनिटे किती लांबतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी पाऊण तासाने परतलो. पृथ्वी तासाला १५ अंशांनी फिरते, म्हणजे त्या पाऊण तासात सूर्य आकाशात ११ अंशांहून अधिक सरकला होता. झाडाची सावली गाडी सोडून बाजूला गेली होती. राजाला आम्ही वाचवू शकलो नाही.

पदार्थविज्ञान वर्गात शिकवणे आणि ते वेळेवर आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून म्हटले, मोतीच्या गाडीचा विचार आपण नीट, पायरी पायरीने करू.

काचेची पेटी

उन्हात उभी असलेली बंद मोटार इतकी का तापते? सूर्यप्रकाश काचेतून सहज आत शिरतो. आतली गादी, पत्रा आणि प्लॅस्टिक तो शोषून घेतात व तापतात. त्यांना लागून असलेली हवा तापते. उघड्यावर अशी तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. यालाच आपण अभिसरण म्हणतो. बंद गाडीत मात्र तापलेल्या हवेला जायला वाट नसते. तापलेल्या वस्तूंतून निघणारे अवरक्त किरण काच अडवते, हेही खरे. पण मुख्य कारण हवेचे कोंडणे हेच आहे. अमेरिकेतील भौतिकीतज्ज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ साली एक साधा प्रयोग केला. एका पेटीवर काच आणि दुसरीवर अवरक्त किरणांना आरपार जाऊ देणारी सैंधवाची पारदर्शक पट्टी लावून त्यांनी दोन्ही उन्हात ठेवल्या. दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या.

मग काचा थोड्या खाली ठेवल्या तर? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली याच प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. बाहेर २२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान असताना त्यांनी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तापमापक ठेवले. तासाभरात आतले तापमान सरासरी २२ अंशांनी वाढले आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाहेर सुखद २५ अंश असले, तरी आत तासाभरात ४७ अंश होऊ शकतात. मग आपल्याकडच्या मे महिन्याचे काय सांगावे?

"पण सर, आपली गाडी उभी थोडीच राहणार आहे? ती तर धावत असेल," मुलाने विचारले.

शंका रास्त होती. तिचे उत्तर गाडीत नाही, कुत्र्यात आहे.

घाम न येणारा प्रवासी

धावत्या एस.टी.त खिडकीतून गरम वारा आला तरी आपल्याला बरे वाटते. का? आपल्या सर्व अंगाला घाम येतो, वाऱ्याने तो वाळतो आणि वाळताना आपल्या अंगातली उष्णता घेऊन जातो. कुत्र्याच्या अंगाला असा घाम येत नाही. त्याच्या पंजांच्या गाद्यांना थोडा येतो, पण तेवढ्याने भागत नाही. त्याचे अंग केसांनी झाकलेले आणि कोरडे. कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असते. बाहेरची हवा ४१ अंशांची असेल, तर तिचा वारा कोरड्या कुत्र्याला थंड न करता उलट तापवतो. तेव्हा गाडीत आपल्याला वारा सुखाचा वाटतो म्हणून कुत्र्यालाही वाटत असेल, हा तर्क चुकीचा आहे.

मग कुत्रा थंड कसा होतो? जीभ बाहेर काढून धापा टाकतो. नाकातल्या, तोंडातल्या आणि जिभेवरच्या ओलाव्याची वाफ होते आणि ती उष्णता नेते. प्राणिशास्त्रज्ञ क्नूट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली दाखवून दिले की धापा टाकणारा कुत्रा हवा मुख्यतः नाकाने आत घेतो आणि तोंडाने बाहेर टाकतो. त्यामुळे नाकातल्या ओल्या पृष्ठभागावरून कोरडी हवा सतत एकाच दिशेने वाहत राहते.

यात एक गंमत आहे. एरवी मिनिटाला वीस-तीस वेळा श्वास घेणारा कुत्रा धापू लागला की मिनिटाला तीनशेच्या वर श्वास घेतो. एवढी मेहनत केल्यावर स्नायूंतच नवी उष्णता तयार व्हायला हवी! पण १९६२ साली युजीन क्रॉफर्ड या शास्त्रज्ञाने मोजले, तेव्हा असे दिसले की कुत्र्याच्या छातीची नैसर्गिक कंप्रता सेकंदाला सुमारे पाच आहे आणि तो धापतोही जवळजवळ तेवढ्याच वेगाने. झोक्याला त्याच्या लयीत टिचकी मारली, तरी तो उंच जातो. लय सोडून ढकलले तर हात दुखतात. यालाच आपण अनुस्पंदन म्हणतो. कुत्रा अनुस्पंदनाचा फायदा घेऊन अगदी कमी श्रमात धापतो.

थोडा हिशेब

मोतीचे वजन २० किलो. एवढ्या वजनाचा कुत्रा स्वस्थ पडून असताना सुमारे ३० वॅट दराने उष्णता निर्माण करतो. घाबरलेला, वेदनेने अस्वस्थ झालेला असेल तर ६० वॅट धरू. म्हणजे घरात जुना ६० वॅटचा दिवा लावल्यासारखे झाले. तासाला ही उष्णता होते ६० × ३६०० = २,१६,००० ज्यूल. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते. भागाकार करा: ९० ग्रॅम. बाहेरची हवा अंगाइतकीच गरम असेल, तर नुसती स्वतःच्या शरीरातली उष्णता घालवायला मोतीने तासाला ९० ग्रॅम पाण्याची वाफ केली पाहिजे. हवा त्याहून गरम असेल तर आणखी जास्त.

आता ही वाफ जाणार कुठे? लहान मोटारीत साधारण ३ घनमीटर हवा असते. मेमधल्या कोरड्या दुपारी दर घनमीटर हवेत सुमारे १० ग्रॅम बाष्प असते. कुत्र्याच्या शरीराच्या तापमानाला हवा संपृक्त झाली, की तिच्यात घनमीटरमागे सुमारे ५० ग्रॅम बाष्प असते. म्हणजे पूर्ण बंद गाडीत १२० ग्रॅम बाष्पाला जागा आहे. एकट्या मोतीच्या श्वासाने ती ८० मिनिटांत भरेल. बरोबर तीन माणसेही घाम गाळत बसली असतील, तर कितीतरी आधी. शिवाय बाष्पीभवन शेवटच्या मिनिटाला एकदम थांबत नाही, ते पहिल्यापासूनच मंदावत जाते. मग कुत्रा कितीही धापला तरी थंड होत नाही. शरीराचे तापमान ४१ अंशांच्या वर गेले की त्याच्या जिवाला धोका असतो.

आणि एका गाडीत सहा कुत्री असतील तर? भटक्या कुत्र्यांना नसबंदी आणि लसीकरणासाठी नेणाऱ्या गाडीत असे होतेच. सहा कुत्री म्हणजे ३६० वॅट आणि तासाला अर्ध्या लिटरहून अधिक वाफ! म्हणून अशा गाडीला दोन्ही बाजूंनी जाळ्या आणि वर सावली हवी. चहूबाजूंनी पत्रा ठोकलेली गाडी मजबूत असेल, योग्य नव्हे.

थोडक्यात, कुत्र्यासाठी गाडी निवडताना पहिला प्रश्न गादीचा नाही, किमतीचा नाही. पहिला प्रश्न हा: कुत्र्याच्या अंगातली उष्णता आणि त्याच्या श्वासातली वाफ या गाडीतून बाहेर कशी जाणार?

सर्वांत महाग गाडी

या प्रश्नापुढे मोठमोठेही चुकले आहेत. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने 'स्पुतनिक-२' या यानातून लायका नावाची कुत्री अवकाशात पाठवली. कुत्र्यासाठी एवढी खर्चिक गाडी त्याआधी कोणी बांधली नसेल. तीत हवा शुद्ध करण्याची सोय होती, खाद्य होते, पंखाही होता. तिला परत आणण्याची सोय मात्र नव्हती. ती काही दिवस जगली, असे जग बरीच वर्षे समजून होते. २००२ साली रशियन शास्त्रज्ञ दिमित्री मालाशेन्कोव यांनी सांगितले की उड्डाणानंतर काही तासांतच लायका अति उष्णतेने आणि ताणाने मरण पावली. यानाची उष्णता नियंत्रित करणारी व्यवस्था नीट चालली नव्हती. निर्वात अवकाशात अभिसरण नसते, उष्णता फक्त प्रारणाने बाहेर जाते. ती वाट अपुरी पडली. पुढे ऑगस्ट १९६० मध्ये बेल्का आणि स्ट्रेल्का या कुत्र्या मात्र अवकाशातून सुखरूप परत आल्या.

ब्रेक लागला की

दुसरा प्रश्न जडत्वाचा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर आतला मोकळा कुत्रा त्याच वेगाने पुढे जात राहतो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. वरून खाली पडणाऱ्या वस्तूला एवढा वेग यायला ६ मीटरहून अधिक उंची लागते. म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीवरून पडल्यासारखाच तो आदळणार. पुढे बसलेल्या माणसाच्या पाठीवर २० किलोचा कुत्रा येऊन आदळला, तर माणसाचेही खरे नाही.

नुसता जोराचा ब्रेक लागला, समजा दोन सेकंदांत गाडी थांबली, तरी मोतीला पुढे जाऊ न देण्यासाठी सुमारे ११० न्यूटन बल लागते. ११ किलोची पिशवी लटकवल्यावर जेवढी ओढ बसते, तेवढे. हे बल गळ्यातल्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्यातून लागले तर घसा दाबला जाईल. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. छातीभोवतीच्या रुंद पट्ट्यातून तेच बल लागले तर दाब कितीतरी कमी होतो. उघड्या टेम्पोत गळ्याला दोरी बांधलेला कुत्रा बाहेर उडी मारताना लटकून फास बसण्याचीही भीती असते.

म्हणून पिंजरा किंवा खोका सर्वांत चांगला. त्यात कुत्र्याला उभे राहता, वळता आणि आडवे होता आले पाहिजे. त्याहून फार मोठा मात्र नको, नाहीतर तो आतच आपटत राहतो. खोका गाडीला घट्ट बांधलेला हवा. न बांधलेला खोका म्हणजे पुन्हा एक मोकळी वस्तूच.

एस.टी.ची मागची सीट

तिसरा प्रश्न धक्क्यांचा. एस.टी.च्या शेवटच्या सीटवर बसून खड्ड्यातून गेलेल्या प्रत्येकाला याचे उत्तर माहीत आहे. चाकांच्या दोन आसांच्या मधली जागा कमी उसळते. मागच्या आसाच्याही मागे असलेले टोक तरफेच्या लांब दांड्यासारखे सर्वांत जास्त उसळते. तेव्हा मोडक्या पायाच्या मोतीची जागा टेम्पोच्या फाळक्याजवळ नव्हे, केबिनच्या पाठीशी.

मोटारीची डिकी उघडी ठेवून कुत्र्याला तिथे बसवणारेही लोक असतात. तेही टाळा. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धुराड्याचा धूर उघड्या डिकीतून आत ओढला जातो. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा सुमारे दोनशे पट अधिक घट्ट चिकटतो.

गाड्यांची परीक्षा

आता एकेक गाडी तपासू.

स्कूटरच्या पायाशी कुत्रा बसवून नेणारे आपण पाहतो. कुत्रा अचानक हलला की गुरुत्वमध्य सरकतो आणि दोन चाकांचा तोल जातो. हे वाहन बाद.

ऑटोरिक्षा बाजूंनी उघडी असते, वर टप असतो. गावातल्या गावात, कुत्र्याला छातीच्या पट्ट्याने धरून नेण्यास ती चांगली. ४५ किलोमीटरसाठी मात्र ती फार हादरते.

चालू एसी असलेली मोटार उन्हात सर्वांत उत्तम, कारण एसी उष्णता आणि बाष्प दोन्ही बाहेर टाकतो. पण इंजिन बंद झाले की तीच मोटार काचेची पेटी बनते. बिघडलेल्या एसीची मोटार दुपारी नको.

रेल्वेच्या सर्वसाधारण डब्यात कुत्रा नेता येत नाही. पहिल्या वर्गातला पूर्ण कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावे लागते. जखमी कुत्र्याला नजरेआड ठेवणे बरे नव्हे.

उघडा टेम्पो हवेशीर, पण उन्हात त्याचा पत्रा भाजतो. पालथा हात पाच सेकंद पत्र्यावर ठेवता येत नसेल, तर तिथे कुत्र्याचे पंजेही ठेवू नयेत. वर ताडपत्रीची सावली आणि खाली कडब्याचा व गोणपाटाचा थर असेल, तर ही गाडी चालेल.

मोती निघाला

"सर, मग टेम्पोच," मुलगा उठत म्हणाला, "लगेच निघतो!"

"बस. अजून एक प्रश्न राहिला. किती वाजता?"

पशुवैद्यांनी उद्या सकाळी चालेल असे सांगितलेच होते. मग भर दुपारी ४१ अंशांत कशाला निघायचे? पहाटे हवा मोतीच्या अंगापेक्षा दहा-बारा अंशांनी थंड असते. तेव्हा वारा त्याला खरोखरच थंड करतो. खरे सांगायचे तर पहाटे मामाची मोटारही काचा पूर्ण उघडून चालली असती. पण खोका तिच्या दारातून आत जाईना. वेळ हाही गाडीचाच एक भाग आहे, हे त्या दिवशी मुलाला पटले.

संध्याकाळी त्याने आणि त्याच्या वडिलांनी किराणा दुकानातून एक मोठा लाकडी खोका आणला. चारही बाजूंच्या एकाआड एक पट्ट्या काढून हवेला वाट केली. खाली कडबा, वर गोणपाट. खोका केबिनच्या पाठीशी दोरखंडाने चारही कोपऱ्यांना बांधला. एकजण म्हणाला, दुखऱ्या पायाने मोती चावेल, तोंड फडक्याने आवळून बांधू. मी नको म्हटले. जखमी कुत्रा चावू शकतो हे खरे. पण तोंड आवळले की धापणे बंद, आणि धापणे बंद म्हणजे मोतीचा पंखाच बंद. मुसके बांधायचेच तर तोंड उघडता येईल असे जाळीचे हवे. (आणि कोणताही कुत्रा चावला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जायचे, हे विसरू नका.)

पहाटे साडेपाचला छोटा हत्ती निघाला. मुलगा खोक्याशेजारी बसू म्हणत होता; त्याला केबिनमध्ये बसवले, कारण जडत्वाचा नियम मुलांनाही लागू असतो. वाटेत एकदा थांबून त्यांनी मोतीला पाणी पाजले. आपल्या देशात १९७८ साली झालेल्या प्राणी वाहतुकीच्या नियमांत कुत्र्यांना प्रवासात उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे असे सांगितले आहे. तासाला ९० ग्रॅमचा आपला हिशेब आठवला, की हा नियम का केला ते कळते.

सात वाजता ते परभणीला पोचले. मोतीच्या पायाला प्लास्टर झाले. आज तो किंचित लंगडतो, पण त्याच टेम्पोच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत धावतो.

तुम्ही करून पाहा

दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले सुती कापड गुंडाळा. दोन्ही सावलीत, वाऱ्यावर ठेवा. मेमध्ये सुका तापमापक ४२ अंश दाखवत असेल आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला सुमारे २४ अंश दाखवील. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर ओला सुमारे २९ वर थांबेल. म्हणजे पिंजऱ्यावर ओले गोणपाट टाकण्याची युक्ती उन्हाळ्यात गुणकारी, पावसाळ्यात जवळजवळ निरुपयोगी. नंतर दोन्ही तापमापक झाकणाच्या बंद डब्यात, एका वाटीभर कोमट पाण्याबरोबर ठेवा आणि दर पाच मिनिटांनी नोंद करा. ओल्या आणि सुक्या तापमापकांतला फरक हळूहळू मिटत जाईल.

तो फरक म्हणजे कुत्र्याची थंड होण्याची वाट. ती मिटताना एकदा डोळ्यांनी पाहिलीत, की कोणत्याही गाडीच्या काचा चार बोटे खाली ठेवून तुम्ही मांडवात जाणार नाही.